तीन इंची मासा आणि साठ दिवसांची नोटीस

१९७४ सालच्या उत्तरार्धात अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठात कायदा शिकणारा हिराम हिल आपले प्राध्यापक झिग्मंट प्लेटर यांच्याकडे एक विषय घेऊन गेला. पर्यावरण कायद्याच्या वर्गासाठी दहा पानांचा निबंध लिहायचा होता. जवळच्या लिटल टेनेसी नदीत वर्षभरापूर्वी एक नवा मासा सापडला होता आणि त्याच नदीवर सरकारी धरण पूर्ण होत आले होते. संकटग्रस्त प्रजातींचा नवा कायदा या माशाला लागू होईल का, एवढ्या प्रश्नावर निबंध होईल का, असे त्याने विचारले. प्राध्यापक हो म्हणाले. पुढे हा निबंध अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि खटल्याच्या नावात या विद्यार्थ्याचे आडनाव कायमचे कोरले गेले.

मासा अगदीच किरकोळ होता. लांबी जेमतेम तीन इंच, रंग मातकट, बाजारात किंमत शून्य. स्वच्छ, उथळ, वाहत्या पाण्यातील वाळू-गोट्यांवर तो राहतो आणि मुख्यतः छोट्या गोगलगायी खातो, म्हणून त्याचे नाव पडले ‘स्नेल डार्टर’. प्राणिशास्त्रज्ञ डेव्हिड एटनियर यांना तो १२ ऑगस्ट १९७३ रोजी सापडला. त्यानंतर साडेचार महिन्यांनी, २८ डिसेंबर १९७३ रोजी, अध्यक्ष निक्सन यांनी संकटग्रस्त प्रजाती कायद्यावर सही केली. कायदा आधी झाला असता आणि मासा नंतर सापडला असता, तरी गोष्ट हीच घडली असती. पण पुढे ‘हा मासा मुद्दाम शोधून काढला’ असा आरोप झाला, म्हणून तारखा सांगितलेल्या बऱ्या.

या कायद्यात एक छोटे कलम आहे. कोणतीही व्यक्ती, मग ती सामान्य नागरिक असो वा संस्था, कायदा मोडणाऱ्याविरुद्ध थेट न्यायालयात जाऊ शकते. कायदा मोडणारे खुद्द सरकार असले तरी. अट एकच : साठ दिवस आधी लेखी नोटीस द्यायची. या साठ दिवसांत चूक सुधारली तर खटल्याची गरजच उरत नाही. जिंकणाऱ्याला नुकसानभरपाई मिळत नाही. मिळतो तो मनाई हुकूम, आणि न्यायालयाला योग्य वाटल्यास वकिलाचा खर्च. म्हणजे पैशासाठी कोणी यात पडावे अशी सोय नाही. सरकारी खाते डोळेझाक करील हे गृहीत धरून कायद्यानेच नागरिकाच्या हातात एक शिट्टी दिली, असे म्हणायला हरकत नाही.

प्लेटर, हिल आणि सहकाऱ्यांनी जानेवारी १९७५ मध्ये आधी दुसरा अर्ज केला : या माशाला संकटग्रस्त यादीत घ्या. त्याच वर्षी तो यादीत आला. फेब्रुवारी १९७६ मध्ये टेनेसी व्हॅली प्राधिकरणाविरुद्ध खटला दाखल झाला. हे प्राधिकरण म्हणजे तेच, ज्याच्या नमुन्यावर आपल्याकडे १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले. टेलिको नावाच्या या धरणाचे काम १९६७ मध्ये सुरू झाले होते. धरणावर स्वतःची वीजनिर्मिती यंत्रे नव्हती. पाणी कालव्याने शेजारच्या धरणाकडे वळवायचे होते. खरा भर होता तो जलाशयाकाठच्या जमिनी विकसित करण्यावर आणि पर्यटनावर. त्यासाठी सुमारे ३८ हजार एकर जमीन घेतली गेली, तर पाण्याखाली जाणार होते १६,५०० एकर. तीनशेहून अधिक कुटुंबे उठली. चेरोकी आदिवासींची जुनी गावे याच खोऱ्यात होती. त्यांपैकी ‘तनासी’ या गावावरून टेनेसी राज्याला नाव मिळाले आणि माशाच्या शास्त्रीय नावातही तेच आले, पर्सिना तनासी. कोयना किंवा उजनीच्या धरणग्रस्तांच्या घरात वाढलेल्या वाचकाला या तपशिलाचे अर्थ वेगळे समजावून सांगायला नकोत.

कनिष्ठ न्यायालयाने मनाई हुकूम नाकारला. धरणाने मासा धोक्यात येईल हे मान्य, पण इतका पैसा खर्च झाल्यावर आता थांबवणे शहाणपणाचे नाही, असा त्याचा सूर होता. अपील न्यायालयाने जानेवारी १९७७ मध्ये तो निर्णय फिरवला आणि धरणाचे दरवाजे बंद करायला मनाई केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल १९७८ च्या सुनावणीत सरकारची बाजू मांडायला खुद्द महान्यायवादी ग्रिफिन बेल उभे राहिले. त्यांनी येताना काचेच्या कुपीत एक मासा आणला होता. एवढ्याशा जिवासाठी एवढे मोठे धरण अडले आहे, हे न्यायमूर्तींना डोळ्यांनी दिसावे, हा हेतू. त्यावर एका न्यायमूर्तींनी विचारले, काही संकटग्रस्त प्रजाती इतरांहून कमी मोलाच्या आहेत अशी सरकारची भूमिका आहे का? कुपीचा डाव उलटला.

१५ जून १९७८ रोजी सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने निकाल लागला. सरन्यायाधीश वॉरेन बर्गर यांनी तो लिहिला. दहा कोटी डॉलरहून अधिक खर्च झालेले, जवळजवळ पूर्ण झालेले धरण तीन इंची माशासाठी थांबवणे काहींना विचित्र वाटेल, हे त्यांनी उघड मान्य केले. पण संसदेने कायद्यात अपवाद ठेवलेला नाही, नफा-तोट्याचे गणित करायला सांगितलेले नाही. प्रजातींचा ऱ्हास थांबवायचा आहे, किंमत काहीही पडो, असेच संसदेने म्हटले आहे आणि न्यायालयाचे काम कायदा लावणे आहे, बदलणे नाही, अशी त्यांची मांडणी होती.

निकालपत्रात वैद्यकाशी संबंधित एक मजकूर आहे, त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. कायदा करताना संसदीय समितीने दिलेले एक साधे उदाहरण बर्गर यांनी उद्धृत केले. स्त्रीच्या बीजनिर्मितीचे नियमन करणारे एक महत्त्वाचे रसायन एका सामान्य वनस्पतीत सापडले. एकदा सापडल्यावर ते कारखान्यात बनवता आले. पण ती वनस्पती आधीच नष्ट झाली असती, तर असे काही बनवावे हे कोणाच्या डोक्यातही आले नसते. हे म्हणणे नीट तपासून घ्यायला हवे. प्रत्येक बेडकात किंवा झुडपात औषध दडलेले असते असे नाही, बहुतेकांत नसतेच. स्नेल डार्टरमधूनही काही औषध निघालेले नाही. मुद्दा एवढाच की कोणत्या प्रजातीत काय आहे हे आधी कळत नाही, आणि नंतर कळून उपयोग नसतो.

निकाल लागला म्हणून गोष्ट संपली नाही. संसदेने त्याच वर्षी कायदा सुधारून मंत्री आणि उच्चाधिकाऱ्यांची एक समिती नेमली. एखाद्या प्रकल्पाला कायद्यातून सूट द्यायची की नाही, म्हणजे प्रसंगी एखादी प्रजाती मरू द्यायची की नाही, हे ती ठरवणार. लोकांनी तिला ‘देवांची टोळी’ असे नाव ठेवले. या समितीसमोर पहिल्याच खेपेत टेलिको धरण आले. २३ जानेवारी १९७९ रोजी समितीने एकमताने सूट नाकारली, आणि तीही माशासाठी नव्हे, तर हिशेब पाहून. समितीतील अर्थतज्ज्ञ चार्ल्स शुल्ट्झ यांनी दाखवून दिले की ९५ टक्के पूर्ण झालेले हे धरण इतके आतबट्ट्याचे आहे, की आता फक्त उरलेला खर्च धरला तरी फायदा त्याहून कमीच पडतो. वर्षानुवर्षे ‘मासा विरुद्ध विकास’ असे जे चित्र रंगवले जात होते, त्यात विकासाचा रकाना मुळातच रिकामा होता.

तरीही धरण झाले. त्या वर्षीच्या खर्चाच्या विधेयकात टेनेसीच्या लोकप्रतिनिधींनी एक ओळीचे जोडकलम घुसवले : इतर कोणताही कायदा काहीही म्हणो, टेलिको पूर्ण करा. अध्यक्ष कार्टर यांनी २५ सप्टेंबर १९७९ रोजी सही केली आणि २९ नोव्हेंबरला दरवाजे बंद झाले. खटला जिंकलेला मासा आपली नदी हरला. तो टिकला तो शास्त्रज्ञांनी काही मासे आधीच हिवासी नदीत सोडले होते म्हणून, आणि पुढे इतर ठिकाणीही त्याचे थवे आढळले म्हणून. १९८४ मध्ये त्याचा धोक्याचा दर्जा खाली आणला गेला आणि २०२२ मध्ये तो यादीतून पूर्ण बाहेर आला. जानेवारी २०२५ मध्ये मात्र येल विद्यापीठाच्या संशोधकांनी डीएनए आणि शरीररचना तपासून म्हटले, की ही स्वतंत्र प्रजाती नाहीच; आधीपासून माहीत असलेल्या दुसऱ्या डार्टर माशाची ती पूर्वेकडील शाखा आहे. प्लेटर यांना हा निष्कर्ष मान्य नाही. जुन्या रोगनिदानाला पन्नास वर्षांनी नव्या तपासणीने आव्हान देण्याचा प्रकार वैद्यकात नेहमीचा आहे. त्यामुळे १९७५ मध्ये हाती असलेल्या पुराव्यावर घेतलेला निर्णय चुकीचा ठरतो का, हा प्रश्न वेगळा.

आता मूळ प्रश्नाकडे. नागरिकांच्या हातात अशी शिट्टी दिली, तर ते ती योग्य जागी वाजवतात का? टीकाकारांचे म्हणणे असे, की लोक अर्ज आणि खटले करतात ते गोंडस प्राण्यांसाठी किंवा एखादा प्रकल्प अडवायला. खऱ्या संकटातल्या प्रजाती बाजूला राहतात आणि सरकारी शास्त्रज्ञांचा वेळ कोर्टात जातो. हे ऐकून मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाची आठवण यावी. स्वतःहून आलेले रुग्ण किरकोळ तक्रारी घेऊन गर्दी करतात आणि खरे आजारी घरीच राहतात, असे तिथेही ऐकू येते. ते खरे की नाही हे मतावर नाही, मोजून ठरवायचे असते.

बेरी ब्रोसी आणि एरिक बायबर यांनी ते मोजले. एक जीवशास्त्रज्ञ, दुसरे कायद्याचे प्राध्यापक. २०१२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांचा अभ्यास आला. १९८६ पासून यादीत आलेल्या ९१३ प्रजाती त्यांनी दोन गटांत विभागल्या : सरकारी वन्यजीव सेवेने स्वतःहून घेतलेल्या, आणि नागरिकांच्या अर्जामुळे किंवा खटल्यामुळे घेतलेल्या. मग दोन्ही गटांतील प्रजातींना असलेला धोका, त्यांचे वर्गीकरणातील वेगळेपण आणि विकासकामांशी असलेला संघर्ष यांची तुलना केली. टीकाकारांचा एक मुद्दा खरा निघाला. नागरिकांनी पुढे आणलेल्या प्रजाती प्रकल्पांच्या आड अधिक येत होत्या. पण त्याच प्रजाती सरासरीने अधिक धोक्यातही होत्या. म्हणजे सरकारी खाते जिथे वाद होईल तिथे जायला कचरत होते आणि नागरिक नेमके तिथे जात होते. अर्थात, हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे. खाते आधी सोप्या प्रजाती उरकते म्हणून अवघड मागे राहतात, की नागरिकांना स्थानिक परिस्थिती अधिक ठाऊक असते, हे या आकड्यांवरून वेगळे काढता येत नाही.

दुसरा अभ्यास वेळेचा आहे. कायद्यानुसार अर्ज आल्यापासून यादीत येईपर्यंत साधारण दोन वर्षे लागावीत. १९७४ ते २०१४ या काळात यादीत आलेल्या १,३३८ प्रजातींचा हिशेब काढला, तेव्हा प्रतीक्षेचा मध्यक निघाला १२.१ वर्षे. म्हणजे निम्म्या प्रजाती बारा वर्षांहून अधिक काळ दारात ताटकळत होत्या. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांचा नंबर लवकर लागला, फुलझाडांचा उशिरा. नागरिकांचे बहुतेक खटले या मुदतींबद्दलच असतात, हे बाहेर फारसे ठाऊक नसते. धरण पाडा, रस्ता थांबवा अशी मागणी क्वचित. ‘कायद्याने दिलेली तारीख उलटून गेली, निर्णय द्या, होकारार्थी नाहीतर नकारार्थी’ एवढीच मागणी नेहमीची. २०११ मध्ये अशा खटल्यांचा मोठा गठ्ठा तडजोडीने मिटला आणि वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत पडलेल्या अडीचशेहून अधिक प्रजातींवर ठरलेल्या मुदतीत निर्णय देण्याचे सरकारने कबूल केले.

या विषयावर संशोधन करणाऱ्याला एक सापळा टाळावा लागतो. निकालपत्रे गोळा करून मोजली, की चित्र पूर्ण झाले असे वाटते. पण कितीतरी प्रकरणे नोटिशीच्या साठ दिवसांतच मिटतात, कितीतरी तडजोडीत संपतात; त्यांचे निकालपत्र नसतेच. सर्पदंशाचे मृत्यू फक्त रुग्णालयाच्या नोंदवहीत मोजावेत, तसे हे आहे. जे घरी किंवा मांत्रिकाच्या दारात दगावले ते त्या वहीत नसतात. म्हणून चांगला संशोधक निकालांबरोबर नोटिसा, सरकारी राजपत्रातील सूचना आणि तडजोडीचे आदेशही पाहतो.

आणखी एक अडथळा आहे तो दाद मागण्याच्या अधिकाराचा. ‘कोणतीही व्यक्ती’ असे कायदा म्हणतो. पण १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला लगाम घातला. अमेरिकी पैशावर श्रीलंकेत महावेली नदीवर आणि इजिप्तमध्ये नाईलवर होणाऱ्या कामांबद्दलचा तो खटला होता. वादी संस्थेच्या एका सदस्याने सांगितले की आपण १९८१ मध्ये श्रीलंकेला गेलो होतो आणि हत्ती व बिबटे पाहायला पुन्हा जाणार आहोत. कधी, असे विचारल्यावर ठरलेला बेत काही सांगता आला नाही; तिथे तेव्हा यादवी युद्ध सुरू होते. न्यायमूर्ती स्कालिया यांनी लिहिलेल्या निकालानुसार, ‘कधीतरी जाईन’ एवढ्याने दुखापत सिद्ध होत नाही. तेव्हापासून तिथल्या संस्था असे सभासद शोधतात, जे त्या नदीवर, त्या जंगलात खरोखर नेहमी जातात, आणि तशी प्रतिज्ञापत्रे जोडतात. गंमत म्हणजे १९९७ मध्ये याच न्यायालयाने ओरेगॉनमधील पशुपालक आणि पाटबंधारे संघटनांनाही दार उघडले. माशांसाठी पाणी राखून ठेवल्याने आपले नुकसान होते, अशी त्यांची तक्रार होती. ‘कोणतीही व्यक्ती’ म्हणजे माशाचा मित्रच असला पाहिजे असे नाही, हे एकमताने ठरले.

आपल्याकडचा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, म्हणजे अमेरिकी कायद्याहून एका वर्षाने थोरला. त्याच्या ५५ व्या कलमात सुरुवातीला फक्त अधिकाऱ्यांनाच फिर्याद करता येत होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती मुभा कोणत्याही व्यक्तीला मिळाली, आणि अट तीच : किमान साठ दिवसांची नोटीस. फरक असा की आपली तरतूद फौजदारी गुन्ह्यासाठी आहे. शिकार किंवा अवैध व्यापार करणाऱ्यावर खटला भरायला ती उपयोगी, पण सरकारी खात्याने निर्णयच घेतला नाही तर तिचा उपयोग होत नाही. त्यासाठी लोक उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका घेऊन जातात. तिथे ‘तुम्ही तिथे कधी गेला होता’ असे फारसे कोणी विचारत नाही.

त्याचे फळ मात्र सारखे मिळत नाही. एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गीरचे काही सिंह सहा महिन्यांत मध्य प्रदेशातील कुनोला हलवायला सांगितले. एकाच जंगलात सगळे सिंह असताना एखादी साथ आली तर काय, ही भीती त्यामागे होती. रोगप्रतिबंधाचे ते साधे तत्त्व आहे. सिंह अजून हललेले नाहीत. कुनोत सप्टेंबर २०२२ मध्ये आले ते नामिबियाचे चित्ते. माळढोकाचेही असेच. सोलापूरजवळचे नान्नज अभयारण्य ज्याच्यासाठी राखले गेले, तो हा पक्षी आता मुख्यतः राजस्थानात उरला आहे आणि विजेच्या तारांना धडकून मरतो. २०२१ मध्ये न्यायालयाने तारा जमिनीखाली घ्यायला सांगितले. सौरऊर्जेचे काम अडते म्हणून २०२४ मध्ये तो आदेश बदलून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला.

गिधाडांच्या बाबतीत कोर्टाची पायरी उलट बाजूने चढली गेली. दुखणे आणि सूज यांवर दवाखान्यात रोज दिले जाणारे डायक्लोफेनॅक गुरांना दिले आणि ते गुरू मेले, तर त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते. हे २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. पण माणसांसाठीच्या मोठ्या, अनेक मात्रांच्या कुप्या गोठ्यात जातच राहिल्या. २०१५ मध्ये सरकारने इंजेक्शनची कुपी एका मात्रेची, तीन मिलिलिटरची असावी असा नियम केला. त्याविरुद्ध औषध कंपन्याच मद्रास उच्च न्यायालयात गेल्या. २०१७ मध्ये न्यायालयाने नियम कायम ठेवला. माणसाला एका वेळी तेवढेच औषध लागते. गाईला त्यासाठी अनेक कुप्या फोडाव्या लागतात आणि तो खर्च परवडत नाही.

कलम ५५ खाली नोटीस द्यायची असेल तर तिचा नमुना १९९५ च्या नियमांत दिलेला आहे. ती लेखी द्यावी, नोंदणीकृत टपालाने पाठवावी, घटनेची जागा, तारीख आणि हाती असलेली छायाचित्रे किंवा कागद जोडावेत आणि पोचपावती जपून ठेवावी. साठ दिवस मोजायचे ते नोटीस मिळाल्याच्या तारखेपासून.